रविवारची वाटी

आमच्या घरात रविवारी सकाळी दोन गोष्टी ठरलेल्या. नवरा डबा घेऊन मिसळ आणायला बाहेर पडतो आणि मी स्टीलच्या वाटीत मुलतानी माती कालवायला घेते. मिसळीच्या तर्रीवरून आमच्यात कितीदा वाजलंय, मातीवरून कधी नाही. दोन चमचे माती, चमचाभर डाळीचं पीठ, चिमूटभर हळद, अर्धं लिंबू आणि कालवायला गुलाबपाणी. कृती माझ्या आईची. आई निफाड तालुक्यातली, अख्खा जन्म द्राक्षबागेत गेलेला, आणि चेहरा असा की दुपारी बाराला कपाळावर पापड तळून घ्यावा. तिला ही माती मानवायची. मी लग्न होऊन नाशिकच्या इंदिरानगरला आले ती ही कृती रुखवतासारखी सोबत घेऊनच. पुढे त्या एकाच वाटीतून घरातल्या तीन बायका लेप लावायला लागल्या. ७१ वर्षांच्या सासूबाई, ४३ वर्षांची मी आणि १६ वर्षांची लेक.

एकाच कुकरमध्ये वरण-भात दोन्ही होतं, पण लेपाचं तसं नसतं, हे कळायला मला मागचा जानेवारी उजाडावा लागला.

चुलतभावाचं लग्न होतं, चांदोरीच्या पुढे, माहेरच्या गावात. आदल्या दिवशी शनिवार, सुट्टी. म्हटलं रविवारचा कार्यक्रम आजच उरकून घेऊ. लेप लावला आणि दाराची बेल वाजली, गॅसचा सिलेंडर. त्याला पैसे देते तोवर मावशीचा फोन, अहेराच्या साड्यांचा घोळ. मावशीचा फोन म्हणजे काय ते मावशी असलेल्यांना कळेल. बोलता बोलता गाल ओढल्यासारखे झाले, तोंड उघडेना, मी नुसतं ‘हं, हं’ करत राहिले. फोन ठेवला तेव्हा पाऊण तास झाला होता. आरशात बघितलं तर मे महिन्यातला गावचा कोरडा तलाव. त्यात मी आणखी शहाणपणा केला. घाई होती म्हणून न भिजवताच नखांनी खरवडलं आणि वर गार पाण्याचे हबके मारले. गाल गुलाबी झाले. लेक म्हणाली, “मम्मी, ग्लो आलाय.” मीही खूश.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला ॲक्टिव्हावरून निघालो. निफाडचा पारा हिवाळ्यात रोज पेपरात छापून येतो, तो का येतो हे त्या रस्त्यावर पहाटे दुचाकी चालवल्याशिवाय कळत नाही. स्कार्फ बांधला होता, तरी वारा डोळ्यांखालून आत शिरत होता. पोचेपर्यंत गालांची आग आग. संध्याकाळपर्यंत नाकाच्या दोन्ही बाजूंनी आणि हनुवटीवर पोपडे निघायला लागले, भिंतीला ओल आल्यावर रंगाचे निघतात तसे. त्यावर फाउंडेशन थापलं. अल्बममध्ये मी कुठेही सापडले नाही तरी फोटोग्राफरची चूक नाही, एवढंच सांगते.

वडील ओट्यावर बसले होते. माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, “काय फवारलंस गं तोंडावर? पीएच बघितला होता का?”

सगळे हसले. पण द्राक्षवाल्याच्या घरात हा विनोद नाही. आमच्याकडे जीएची (जिबरेलिक ॲसिड, द्राक्षाचा मणी वाढवायचं औषध) फवारणी करायची तर वडील आधी पाण्यात कागदाची पट्टी बुडवतात. पट्टीच्या रंगावरून पीएचचा आकडा कळतो, सातच्या खाली आंबट, वर अल्कधर्मी. पाणी जास्त अल्कधर्मी असेल तर औषध नीट लागू पडत नाही, म्हणून ते साडेपाच-सहाच्या आसपास आणल्याशिवाय पंप सुरू होत नाही. सहावी-सातवीत असताना ती पट्टी रंगीत तक्त्याला लावून आकडा सांगणं हे माझं काम होतं. द्राक्षाच्या सालीचीही किती काळजी. ऐन गोडी भरायच्या वेळी कडाक्याची थंडी पडली की मण्यांना तडे जातात, म्हणून माणसं रात्र रात्र बागेत शेकोट्या पेटवतात. आणि मी माझ्याच गालाला स्वतःच्या हाताने तडे पाडून आले होते.

निघताना वडिलांनी शेडमधून पट्ट्यांची एक डबी दिली. “जा, बघ,” म्हणाले.

पुढचे आठ दिवस चेहऱ्याला साध्या क्रीमशिवाय काही लावलं नाही. नंतरच्या रविवारी मात्र ओट्यावर वाट्या मांडल्या. लेक ११वी सायन्सला आहे, ती जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे आकडे लिहायला बसली. लिंबाच्या रसात पट्टी बुडवताच लाल, २च्या जवळ. दही ४ ते साडेचार. पाण्यात कालवलेला मध साधारण ४. खायचा सोडा ८च्या थोडा वर. अंघोळीच्या साबणाचा फेस थेट निळ्याकडे, ९-१०. मातीची गंमत अशी की नुसत्या लगद्यात पट्टी बुडवली तर ती चिखलाने माखते, रंग दिसतच नाही. म्हणून माती पाण्यात ढवळून तासभर निवळू दिली आणि वरच्या पाण्यात पट्टी बुडवली. ८च्या आसपास आली. मग त्यावर लिंबू पिळलं तर वाटी बारीक फसफसली. लेकीने लगेच “कार्बोनेट आहे यात!” म्हणून टाळी वाजवली. फी भरल्याचं सार्थक झालं.

आपल्या चेहऱ्याच्या त्वचेचा पीएच साधारण साडेचार ते साडेपाच, म्हणजे किंचित आंबट. तो आंबटपणा उगाच नसतो. नको ते जंतू त्याने आटोक्यात राहतात, आणि त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरातला जो स्निग्ध सांधा असतो, विटांमधल्या सिमेंटसारखा, तो बनवणारी यंत्रणाही आंबट वातावरणातच नीट चालते. साबणाने तोंड खसाखसा धुतलं की आकडा वर चढतो आणि जागेवर यायला काही तास घेतो. धुतल्यावर चेहरा ताणल्यासारखा वाटतो, त्याला आपण ‘स्वच्छ’ म्हणतो.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर आमची ती लिंबू घातलेली वाटी मोजली तेव्हा ४च्या आसपास निघाली. म्हणजे वडिलांचा संशय अर्धाच खरा. पीएचवर सगळं ढकलून मला मोकळं होता येईना. (लिंबाला मात्र माफी नाही. रस कधीच सगळीकडे सारखा मिसळत नाही, जिथे जास्त जातो तिथे झोंबतो. शिवाय लिंबाचा रस त्वचेवर राहिला आणि ऊन लागलं तर लाल चट्टे, फोड आणि मागे काळे डाग राहू शकतात. आमच्या वाटीतून तो कायमचा गेला.) खरी चूक मातीच्या स्वभावात आणि माझ्या पाऊण तासात होती.

मुलतानी माती म्हणजे अतिशय बारीक, पापुद्र्यांची चिकणमाती. मुलतान आता पाकिस्तानात, पण ही माती आपल्याकडे राजस्थानातूनही येते. इंग्रजीत तिचं ‘फुलर्स अर्थ’ हे नाव पडलं ते लोकरीचं कापड धुणाऱ्या कारागिरांवरून. मेंढीच्या लोकरीतला तेलकटपणा काढायला ते ही माती वापरत. हे वाचलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. मेंढीची लोकर कोरडी करणारी माती मी माझ्या गालांना ४५ मिनिटं लावून ठेवली होती! ओली असते तेव्हा ती तेल धरते. वाळत जाते तसं तिच्यातलं पाणी उडतं, ती आकसते, आणि मग खालच्या त्वचेतलाही ओलावा ओढते. म्हणजे उपयोग सगळा ओली असताना, तडे जाईपर्यंत थांबण्यात फायदा काहीच नाही. आता मी घड्याळही बघत नाही. कडेचा रंग फिकट व्हायला लागला, पण बोट लावलं तर अजून गार आणि ओलसर लागतंय, तेवढ्यात ओला कापडाचा बोळा ठेवायचा, मऊ होऊ द्यायचं आणि पुसायचं. हिवाळ्यात पाच-सहा मिनिटांतच वेळ येते, पावसाळ्यात दहा-बारा लागतात.

आणि हो, तो ‘ग्लो’. आकसलेली माती निघाल्यावर रक्त त्वचेकडे धावतं, म्हणून गुलाबी दिसतं. कानफटात मारली तरी गाल गुलाबी होतो.

त्यानंतरचा प्रश्न, कोणाची त्वचा नेमकी कशी. मी स्वतःला वीस वर्षं ‘तेलकट’ समजत होते, कारण आई तेलकट आणि मी आईसारखी दिसते. सासूबाई स्वतःला ‘नॉर्मल’ म्हणायच्या. लेक म्हणायची, माझी ‘बेकार’.

घरात संक्रांतीचा एक पांढरा पतंग उरला होता. येवल्याहून दीर घेऊन येतात, दरवर्षी गरजेपेक्षा डझनभर जास्त. पतंगाचा कागद तेल पटकन शोषतो आणि शोषलं की तिथे आरपार दिसायला लागतं. त्याचे दोन बोटं रुंद तुकडे कापले. रात्री तिघींनी सौम्य फेसवॉशने तोंड धुतलं, टिपलं, वर काहीही लावलं नाही. तासभर सिरियल बघितली. मग प्रत्येकीच्या कपाळावर, नाकावर, दोन्ही गालांवर आणि हनुवटीवर एकेक तुकडा हलकेच दाबून धरला. घासायचा नाही, नुसता दाबायचा. आणि सगळे तुकडे ट्यूबलाइटसमोर धरले.

लेकीचे पाचही तुकडे असे झाले होते जणू भजी काढून ठेवलीत. सासूबाईंचे पाचही कोरे, नाकावरचा जेमतेम एक ठिपका. माझे कपाळ आणि नाक तेलकट, गाल कोरडे ठक्क. म्हणजे मी मिश्र. वीस वर्षं नाकाचं औषध गालाला लावत होते.

हेही कायमचं नसतं. मी मे महिन्यात पुन्हा करून बघितलं तर गालांच्या कागदावरही फिकट डाग आले. तेलाच्या ग्रंथी चेहऱ्यावर आणि डोक्यात दाट असतात, त्यातही कपाळ-नाक-हनुवटीवर जास्त. वय, पाळी, हवा, औषधं, सगळ्यांनी त्यांचं काम बदलतं. कोरडी, तेलकट, मिश्र असे कप्पे करून बायकांना मलमं विकण्याचं श्रेय हेलेना रुबिनस्टाइन या बाईंना देतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी ऑस्ट्रेलियात मेलबर्नला दुकान थाटलं होतं. कप्पे सोयीचे आहेत, मी नाही म्हणत नाही. पण ते रक्तगटासारखे आधार कार्डाबरोबर जपून ठेवायचे नसतात. आणखी एक घोळ असा की तेल कमी आणि पाणी कमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझी मैत्रीण डोंबिवलीची. तिचं नाक चकाकतं आणि तरी एसी ऑफिसात गाल ओढतात. तेल आहे, पाणी नाही. तिने आणखी माती थापली तर चकाकी जाईल, ओढ वाढेल.

आता लेकीचं सांगते, कारण खरी लढाई तिकडेच झाली.

तिने माझ्या नकळत कोळशाचा काळा मास्क ऑनलाइन मागवला. सोलून काढायचा. नाकावरचे काळे ठिपके मुळासकट निघतात म्हणे. एका संध्याकाळी बाथरूममधून किंकाळी आली, मला वाटलं पाल. बघते तर निम्मा मास्क निघालेला, निम्मा गालाला चिकटलेला आणि डोळ्यांतून पाणी. असल्या मास्कमध्ये बहुधा पॉलिव्हिनाइल अल्कोहोल असतं, म्हणजे गोंदाचा चुलतभाऊच. तो कचरा शोधून काढत नाही. जे चिकटेल ते उपटतो, लव, वरचा थर, सगळंच. कोमट पाण्याचं फडकं ठेवून ठेवून उरलेला काढला. दोन मुरमं फुटली होती, त्यांचे डाग चार महिने राहिले. आणि ते ठिपके? तीन आठवड्यांत परत हजर. नाकावरचे बरेचसे राखाडी ठिपके म्हणजे घाण नसतेच. तेल बाहेर यायची ती नेहमीची वाट असते, रिकामी केली की पुन्हा भरते. जे खरे काळे ब्लॅकहेड, त्यांचा रंगही धुळीचा नाही, त्वचेतल्याच रंगद्रव्याचा आणि हवा लागलेल्या तेलाचा. आणि रंध्रांना दार नसतं, वाफेने ती उघडत नाहीत की बर्फाने बंद होत नाहीत. हे मी तिला सांगितलं तर म्हणते, “मग पार्लरवाली काकू काय करते वाफ देऊन?” मऊ करते, बाई. तेवढंच करते.

मुरमं हनुवटीपासून जबड्यापर्यंत उतरली तेव्हा कॉलेज रोडला एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “घरी काय काय लावता?” लेकीने यादी सांगितली. माती, लिंबू, टूथपेस्ट, आजीचं खोबरेल, शेजारच्या ताईची ट्यूब. बाई ट्यूबवर थांबल्या. नाव विचारलं, मोबाइलमधला फोटो बघितला. त्यात स्टिरॉइड होतं. पहिले काही दिवस चेहरा उजळ दिसतो, मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, मुरमं उलट वाढतात, आणि सोडली की चेहरा पेटतो. सुदैवाने लेकीने दोनच दिवस लावली होती. बाईंनी रात्री लावायला ॲडापलीन दिलं आणि पहिले दोन महिने सगळे लेप बंद करायला सांगितले, कारण त्या औषधाने त्वचा आधीच कोरडी पडते, सोलते. खोबरेल तोंडाला नाही. टूथपेस्ट दातांना. ही दोन वाक्यं ऐकून लेकीने माझ्याकडे असं बघितलं की टूथपेस्टची आयडिया माझी होती हे बाईंनाही कळलं असावं.

दोन महिन्यांनी परवानगी मिळाली. आता तिची वाटी सगळ्यात साधी. माती आणि साधं पाणी, बस. आठवड्यातून एकदा, फक्त कपाळ, नाक, हनुवटी, फुटलेलं मुरूम वगळून. विकतचा हवाच असेल तर सॅलिसिलिक ॲसिडचा, कारण ते तेलात विरघळतं म्हणून रंध्रात उतरतं. २ टक्क्यांपर्यंत पुष्कळ झालं. पण ॲडापलीन चालू असताना हे दोन्ही एका रात्री नाही.

सासूबाईंना वेगळी वाटी म्हटल्यावर त्या आधी चिडल्याच. “मला कशाला? मी काय नवरी आहे?” पण त्यांना हिवाळाभर गालांना खाज सुटायची, आणि ती माझ्या मातीने सुटत होती हे दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. पाळी गेल्यावर तेलाच्या ग्रंथी थंडावतात, वरचा थर पाणी धरून ठेवत नाही. अशा त्वचेतून माती काढणार काय? असलेलं थोडंसंही नेणार.

उपाय त्यांनीच सांगितला, आणि तोही सहज, दिवाळीच्या गप्पांत. “आमच्याकडे उटणं कोरड्या अंगाला कधी लावलं नाही गं. आधी कोमट तेल जिरवायचं, मग उटणं. तुम्ही आजकाल तेल वगळता आणि नुसतं पीठ घासता.”

मी हातातलं काम थांबवून त्यांच्याकडे बघत राहिले. अभ्यंगस्नान मी जन्मभर करतेय, पण त्याचा क्रम कधी डोक्यात शिरला नव्हता. उटण्याला ओढायला तेल हवं, आणि ते तेल आपण वरून देतो. आपलं स्वतःचं आत राहतं. रविवारच्या वाटीत आम्ही उटणं तेवढं उचललं आणि तेल विसरलो.

आता त्यांच्या गालांवर आधी तिळाच्या तेलाचे दोन थेंब. पाच मिनिटांनी म्हशीच्या दुधाची साय, अर्धा चमचा मध आणि बारीक दळलेली मसूर डाळ, तीही नावापुरती. घासायचं नाही, नुसतं ठेवायचं. दहा मिनिटांनी जुन्या नऊवारीचा तुकडा कोमट पाण्यात पिळून टिपायचं, ते पातळ मऊ लुगडं कुठल्याही विकतच्या स्पंजला ऐकत नाही. वर लगेच क्रीम, चेहरा ओलसर असतानाच. कधी त्यांना हुक्की आली तर सहाणेवर चंदनाचं खोड उगाळतात. ते खोड त्यांच्या सासूबाईंचं. बाजारात वीस-तीस रुपयांना जी चंदन पावडर मिळते तिच्यात चंदन किती असेल ते तुम्हीच ठरवा. खरं लाकूड किलोला हजारांत जातं.

माझी वाटी म्हणजे दोघींची उधारी. लेकीच्या वाटीतली माती नाक-कपाळावर, सासूबाईंच्या वाटीतली साय गालांवर. आरशात बघितलं तर दोन रंगांत रंगवलेली एसटी. मला वाटलं मी शोध लावला. लेकीने मोबाइलवर दाखवलं, याला मल्टी-मास्किंग म्हणतात आणि त्याचे पाच डब्यांचे सेट मिळतात. असो.

घरात सगळ्यात नाजूक कातडी कोणाची निघाली असेल? नवऱ्याची. सातपूरला कंपनीत मशीनवर काम, बारा महिने हेल्मेट, वर्षानुवर्षं अंगाच्याच साबणाने तोंड धुणारा माणूस. एका रविवारी दाढी केल्या केल्या ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून उरलेला लेप थापला आणि दोन मिनिटांत नळाखाली. त्या वाटीत लिंबू नव्हतं. मग काय झोंबलं? कोपराच्या आतल्या बाजूला एकेक जिन्नस लावून दोन-दोन दिवस वाट बघितली. माती, पीठ, हळद, काहीच नाही. गुलाबपाण्याने लाल चट्टा. बाटली उलटी करून वाचली तर घटकांत ‘परफ्यूम’ लिहिलेलं. गुलाबाचा वास सुगंधी द्रव्याचा, आणि त्याला तेच सहन होत नाही. नव्या वस्तूची अशी परीक्षा घ्यायची हे सगळीकडे लिहिलेलं असतं, करतं कोण? आणि नुकत्याच तासलेल्या, थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग केलेल्या जागी त्या दिवशी काहीच लावू नये, हे त्याच्या आरोळीने शेजाऱ्यांनाही कळलं.

हळदीबद्दल एक सांगायचं राहिलं. रविवार कारंजाच्या मागे काष्ठौषधीचं जे दुकान आहे तिथे मी कस्तुरी हळद मागितली. पुडीतून पिवळीजर्द पूड निघाली. कस्तुरी हळद वेगळी जात. तिचा कंद आतून फिकट असतो, वास कापराकडे झुकणारा, आणि ती चेहरा फारसा पिवळा करत नाही. आंबेहळद आणखी वेगळी, तिला कैरीचा वास. आणि पिवळ्याजर्द पुडीत बऱ्याचदा कचोरा किंवा सरळ स्वयंपाकाची हळद निघते. मी दुकानदाराला म्हटलं, पूड नको, अख्खा कंद दाखवा. त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, “ताई, कंद पुढच्या आठवड्यात.” तो पुढचा आठवडा अजून आलेला नाही. तोवर आमच्या वाट्यांत हळद नाही, आणि कोणाचंही काही अडलेलं नाही.

विकतचे मास्क मी वाईट मानत नाही. वेळ नसतो तेव्हा तेच लावते. डबीवरची बाई बघू नका, मागची बारीक अक्षरं बघा, पहिली पाच-सहा नावं. जे जास्त असतं ते आधी लिहितात. केओलिन, बेंटोनाइट दिसलं की ती मातीच. केओलिन त्यातली गरीब स्वभावाची, बेंटोनाइट जोरात ओढणारी. ग्लिसरीन, हायलुरोनिक ॲसिड, सेरामाइड दिसलं तर ते पाणी धरणारं, कोरड्यांचं. सुरुवातीलाच अल्कोहोल डिनॅट दिसलं तर कोरड्या माणसाने डबी फळीवर परत ठेवावी. ओल्या कापडाचे शीट मास्क मिळतात, ते सासूबाईंना एकदा लावले, त्या आरशात बघून घाबरल्या. चांगले असतात, पण तेही चेहऱ्यावर वाळू द्यायचे नाहीत, पंधरा मिनिटांत काढायचे. नाशिकच्या जानेवारीत तर वर क्रीम हवीच, नाहीतर लावलेलं सगळं वाऱ्यावर.

वाट्यांचा गोंधळ पहिले काही रविवार झाला. एकदा लेकीने आजीची साय लावली आणि दुसऱ्या दिवशी कपाळावर तीन पुटकुळ्या. मग आम्ही माळ्यावरची भांडी काढली. लग्नात आलेल्या वाट्यांवर नावं कोरलेली असतातच. सासूबाईंना त्यांच्या माहेरच्या नावाची वाटी, मला माझ्या मामांच्या नावाची, आणि लेकीला बारशात आत्याने दिलेली छोटी. नवऱ्याने विचारलं, माझी? त्याला म्हटलं तुझी मिसळीची.

परवाच्या रविवारी तिन्ही वाट्या ओट्यावर होत्या. सासूबाई डोकावल्या, आपली वाटी उचलून आत बघितली आणि म्हणाल्या, “अगं, साय जरा जास्तच घाल माझ्यात. उरली तर पोळीला लावीन.”

“अहो आई, त्यात मसूर डाळ आहे.”

“मग डाळ घालायच्या आधी काढून ठेव ना,” म्हणाल्या आणि साखरेचा डबा घ्यायला वळल्या.